ऐकू न येणारा ओरखडा

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, गोल, बारा इंचांची आणि मधोमध भोक असलेली. योकोहामातल्या नोगे भागात जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान आहे. तिथल्या फळीवर मी सध्या प्लास्टिकच्या पिशवीत उभी असते. पिशवीवर दुकानदाराने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आवरण उत्तम. वादकाची सही अस्सल. दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे, पण ऐकू येत नाही.’

ती वाचून गिऱ्हाइकं खूश होतात. मला मात्र त्यातल्या शेवटच्या चार शब्दांनी मेल्याहून मेल्यासारखं होतं. काळी असल्यामुळे लाजेने लाल होता येत नाही, एवढीच काय ती सोय.

माझ्याकडे येणारी माणसं फार अभ्यासू असतात. खिशातून भिंग काढतात. माझ्या लेबलावर छापलेल्या दिव्याचा हिरवा रंग पोपटी आहे की शेवाळी, ते उजेडात धरून बघतात. गाणं संपतं तिथे, लेबलाच्या कडेला, कारखान्यातल्या कुणीतरी सुईने दोन अक्षरं कोरली आहेत. ती वाचून एकमेकांकडे बघतात आणि मान डोलावतात. आवरणाचा वास घेणारे दोघे-तिघे तरी आठवड्याला येतात. एवढं सगळं करून मला परत पिशवीत ठेवतात. वाजवून बघू या, असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. तेवढ्यामुळेच माझी अब्रू आजवर झाकली गेली आहे.

माझा जन्म १९५८ सालचा, अमेरिकेतला. एका काळ्या गोळ्याला वरून आणि खालून तापलेल्या साच्यांनी दाबलं आणि अर्ध्या मिनिटात माझी मी झाले. कडेने बाहेर आलेला भाग कापून पुन्हा वितळवायला टाकला. म्हणजे माझ्यातलं थोडं दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असेल, दुसऱ्या कुणाचं माझ्यात असेल. न्यूयॉर्कच्या ‘ग्रीन लॅम्प’ नावाच्या एका लहानशा जॅझ कंपनीची मी रेकॉर्ड. माझा क्रमांक सहाशे एकेचाळीस. आमच्या शौकिनांत रेकॉर्डीला नावाने हाक मारणं गावंढळपणाचं समजतात. तिथे सगळे क्रमांकानेच बोलतात.

माझ्यात ॲल्विन प्रुइट नावाच्या माणसाने सॅक्सोफोन वाजवला आहे. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या धुनेत तो जे काही करतो, ते ऐकून भलेभले कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता थांबतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढची फजिती समजावी म्हणून सांगते.

एका मालवाहू जहाजाच्या आचाऱ्याने मला योकोहामात आणलं. त्याच्याकडे मला चढवायला यंत्र नव्हतं, त्यामुळे मी कोरीच होते. नोगेच्या चढावर ओगिनो नावाच्या गृहस्थांचं ‘त्सुगुमी’ हे कॉफीचं दुकान होतं. तिथे आठवडाभर करी-भात खाऊन त्या बदल्यात तो मला तिथे ठेवून गेला. कॉफीचं दुकान म्हणजे तिथे कॉफी मिळायची, इतकंच. खरं काम रेकॉर्डी ऐकण्याचं. तेरा खुर्च्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या, आणि समोर कपाटाएवढे दोन ध्वनिक्षेपक. परदेशी रेकॉर्ड विकत घेणं त्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. लोक एक कप कॉफी घेऊन तीन तास डोळे मिटून बसायचे.

ओगिनोंना सगळे मास्तर म्हणत. तिथे अशा दुकानाच्या मालकाला मास्तरच म्हणतात, पण ओगिनोंना ते जरा जास्तच शोभायचं. भिंतीवर त्यांनी पाटी लावली होती: ‘बोलू नये. पायाने ठेका धरू नये. रेकॉर्डीला मालकाखेरीज कोणीही हात लावू नये.’ तिसरा नियम लाल शाईत होता. कुणाला काही ऐकायचं असेल तर चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यायचा. भांडणंसुद्धा चिठ्ठ्यांवर चालत.

मी आल्याबरोबर मास्तरांनी पाटीखाली कागद लावला: ‘रविवारी दुपारी ६४१. योकोहामात प्रथमच.’ आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दुकान बंद ठेवून त्यांनी मला एकट्याने ऐकलं. पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूची पहिली धून झाली. मास्तरांनी डोळे पुसले आणि तीच धून पुन्हा लावण्यासाठी सुई उचलली. त्याच वेळी आत त्यांच्या पत्नी, फुमिए-सान, करीसाठी मिरी कुटत होत्या.

मास्तर शिंकले.

हातातली सुई माझ्या अंगावरून सर्रकन गेली.

“काय झालं हो?” आतून आवाज आला.

“काही नाही.”

“मागच्या वेळी काही नाही म्हणालात तेव्हा पडद्याला आग लागली होती.”

फुमिए-सान हात पुसत बाहेर आल्या. मास्तरांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं होतं. केसाएवढा एक ओरखडा. त्यांनी मला पुन्हा लावलं. दोघं कान देऊन उभे राहिले.

आता इथे थोडा हिशेब समजून घ्या, मित्रांनो. ही धून चार-चार ठोक्यांनी चालते. चार ठोक्यांचं एक घर म्हणा. अशी बारा घरं झाली की एक आळी संपते आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. प्रुइट अशा पाच आळ्या वाजवतो. आणि योगायोग असा, की या धुनेचे चार ठोके व्हायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढ्याच वेळात माझा एक फेरा पुरा होतो. ओरखड्यापाशी सुई एक फेरा ओलांडून पुढे उडी मारायची. तिसऱ्या आळीचं बारावं घर अख्खं गडप. मागे ना धक्का, ना खड्डा. फक्त एक बारीकसं ‘टक्’.

मी वेडीवाकडी अडखळले असते, एकाच जागी कुरकुरत राहिले असते, तर पहिल्याच दिवशी उघडी पडले असते. पण मी चुकले ती इतक्या सफाईने चुकले, की माझी चूक म्हणजे माझं कौशल्य वाटावं. त्या घरात काय होतं, ते पुढे सांगते. आत्ता धीर होत नाही.

“ठेका चुकत नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

“पण एक घर गेलं ना. पाटीवर लिहून टाका, ओरखडा आहे म्हणून.”

“तिसरा नियम मी लाल शाईत लिहिलाय, फुमिए.”

“मग शाई उरली असेलच.”

“उद्या बघू.”

हा ‘उद्या’ पुढे पाच वर्षं चालला.

रविवारी तेराही खुर्च्या भरल्या. पहिल्या खुर्चीत दंतवैद्य मिझोबुची. हे दुकानाचे पंडित. आमच्या शौकिनांच्या बारीकशा सायक्लोस्टाइल केलेल्या मासिकात लेख लिहायचे आणि रुग्णाचं तोंड उघडं असताना त्याला जॅझ समजावून सांगायचे. तिसऱ्या आळीच्या शेवटी त्यांनी खाडकन डोळे उघडले. बोटांवर घरं मोजली. चिठ्ठी लिहिली: ‘हे काय होतं?’

मास्तरांनी उत्तर लिहिलं: ‘प्रुइट.’

मित्रांनो, त्या एका शब्दात खोटं असं काहीच नव्हतं. तरी मला तेव्हापासून त्या शब्दाची लाज वाटते.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा लेख आला, ‘अकरा घरांची आळी’. त्यात लिहिलं होतं: ‘शेवटचं घर रिकामं सोडणं कुणालाही जमेल. प्रुइट ते पाडून टाकतो. शिवाय तिसऱ्या आळीतून चौथ्या आळीत तो श्वासही न घेता शिरतो. या माणसाला बैलाची फुप्फुसं आहेत.’ लेख गाजला. ओसाकाहून लोक आले, डोळे मिटून बसले, त्या जागी बोटांवर घरं मोजली आणि तृप्त होऊन गेले. वर्षाअखेरीला दुकानात मतदान व्हायचं: ग्रीन लॅम्पच्या आवडत्या दहा रेकॉर्डी. त्या वर्षी मी पहिली आले, त्याच्या पुढच्या वर्षीही पहिली आणि मग नेहमीच. अंगाने धड असलेल्या, प्रामाणिक, बारा घरं वाजवणाऱ्या माझ्या बहिणी फळीवर तशाच मागे राहिल्या.

स्तुती सहन करणं एवढं अवघड असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि मग सेकिगुची. तो तिशीतला, अंगाने किरकोळ, सॅक्सोफोन वाजवणारा. बंदराजवळच्या एका नाचघरात गवताची टोपी आणि कागदी फुलांचा हार घालून रोज हवाई बेटांची गाणी वाजवायचा. दुपारी आमच्याकडे यायचा, कोपऱ्यातली खुर्ची धरायचा आणि चिठ्ठी द्यायचा: ‘६४१, बाजू दोन.’ ऐकायचा, वहीत उतरवायचा, आणि नदीकाठी जाऊन वाजवून बघायचा. पाच आळ्या त्याने सुराला सूर लावून पाठ केल्या. अडायचा तो एकाच जागी.

बोलायची सोय फक्त स्वयंपाकघराच्या दारात होती. एक दिवस तिथे उभं राहून त्याने विचारलं, “फुमिए-सान, हा माणूस श्वास घेतो कुठे?”

“तू कुठे घेतोस?”

“मी घेतच नाही. चौथ्या आळीत शिरेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे नाचतात. काल नदीवर एका आजींनी मला खाली बसवलं आणि विचारलं, बाळा, घरी कुणी आहे का.”

“मग नको ना वाजवूस तसं.”

“असं कसं? रेकॉर्डवर आहे तसंच वाजवायला हवं.”

फुमिए-सान मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तर कप पुसत होते. तो कप सकाळपासून चार वेळा पुसून झाला होता.

सेकिगुची गेल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, पोरगा एक दिवस नदीत पडेल.”

“शिकलाय तो. आता जमतं त्याला.”

“तेच म्हणते मी. काय जमतं त्याला?”

पाचव्या वर्षी बातमी आली. ॲल्विन प्रुइट स्वतः जपानच्या दौऱ्यावर येणार, रविवारी दुपारी योकोहामाच्या सभागृहात वाजवणार, आणि एका धुनेत एका स्थानिक वादकाला सोबत घेणार. आयोजकांनी सेकिगुचीला निवडलं. धून हीच. शिवाय टोकियोचे वाद्यवृंदप्रमुख कुनिमात्सु ऐकायला येणार होते; त्यांच्याकडे सॅक्सोफोनची एक जागा रिकामी होती. सेकिगुचीच्या हयातीत अशी संधी दुसऱ्यांदा येणार नव्हती. तो दारात उभा राहून हसत म्हणाला, “जागा मिळाली तरी ही टोपी जाळणार नाही मी. बायको म्हणते, फुलदाणीखाली घालू.”

तीन दिवस उरले असताना तो शेवटचा ऐकायला आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी फिरत होते. मास्तर त्याच्या खुर्चीपाशी गेले. स्वतःचाच पहिला नियम मोडून म्हणाले, “सेकिगुची-सान, एक सांगायचं होतं.”

“सांगा ना, मास्तर.”

तेवढ्यात ती जागा आली. मी नेहमीच्या सफाईने उडी मारली. सेकिगुचीने कौतुकाने डोळे मिटले.

“सर्दी होऊ देऊ नका,” मास्तर म्हणाले.

रविवारी मास्तरांनी मला सहीसाठी सोबत नेलं. मी त्यांच्या मांडीवर होते. शेजारी फुमिए-सान, दोन खुर्च्या सोडून डॉक्टर, आणि अगदी पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचे कुनिमात्सु. प्रुइट मोठ्या अंगाचा, हळू चालणारा माणूस निघाला. त्याने सेकिगुचीला पुढे उभं केलं आणि त्याला वाजवू दिलं.

पहिली आळी सुरेख झाली. दुसरी त्याहून सुरेख. प्रुइटने भुवया उंचावून आपल्या ढोलवाल्याकडे पाहिलं; आपलंच जुनं बोलणं परक्या गावात कुणीतरी शब्दन् शब्द म्हणून दाखवावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. मग तिसरी आळी. अकरावं घर संपलं, आणि सेकिगुची न थांबता चौथ्या आळीत शिरला. बाकी सगळे बाराव्या घरात होते.

माणूस पायरी समजून हवेत पाय टाकतो तसं झालं. ढोलवाल्याने मान वर केली. व्हायोलिनच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे डबल बासच्या, तारांवर वादकाचा हात घोटाळला. प्रुइटने हाताने खूण करून सगळ्यांना दोन घरांत सावरून घेतलं, पण झालं ते सगळ्या सभागृहाला दिसलं होतं. सेकिगुची पांढराफटक पडला, तरी शेवटपर्यंत वाजवत राहिला.

“अमेरिकन लोक बारा वाजवतायत,” डॉक्टर हळहळून कुजबुजले. “स्वतःची रेकॉर्ड पाठ नाही.”

कुनिमात्सु उठले. आमच्यासमोरून जाताना सोबतच्या माणसाला म्हणाले, “हात गोड आहे. पण बारा मोजता येत नसतील तर त्याला बसवू कुठे?”

कार्यक्रमानंतर आम्ही मागच्या खोलीत गेलो. सेकिगुची भिंतीशी उभा होता. प्रुइट त्याच्याशी दुभाष्यामार्फत बोलत होता, आणि त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

“तिसऱ्या आळीच्या शेवटी तू थांबला का नाहीस?”

“तुम्ही थांबत नाही म्हणून.”

“मी थांबतो. मला दमा आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी तर फारच होता. ते घर मी रिकामं सोडलं आणि नुसता श्वास घेतला. नीट ऐकलंस तर तो ऐकूसुद्धा येतो.”

“नाही येत,” सेकिगुची म्हणाला. “मी पाच वर्षं ऐकतोय.”

हे होतं, मित्रांनो, त्या घरात. एका दमेकरी माणसाचा एक श्वास. सूर गिळला असता तर मी म्हटलं असतं, एक सूर गेला. पण मी श्वास गिळला, आणि एका भल्या माणसाला पाच वर्षं शिकवत राहिले, की श्वास घ्यायचा नसतो.

प्रुइटचं लक्ष मास्तरांच्या हातातल्या माझ्याकडे गेलं. त्याने मला बाहेर काढलं, दिव्याखाली तिरपं धरलं आणि अंगठ्याचं नख ओरखड्यावरून हलकेच फिरवलं. ते पाहून सेकिगुची मास्तरांकडे वळला.

“मास्तर, तुम्हाला माहीत होतं?”

मास्तरांचे कान लाल झाले होते. “पहिल्या दिवसापासून.”

“मी विचारलं होतं. तुमच्या दारात उभं राहून विचारलं होतं, श्वास कुठे घेतो म्हणून.”

सेकिगुचीने सॅक्सोफोन पेटीत ठेवला, दोन्ही कड्या लावल्या, प्रुइटला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. प्रुइटने माझ्या आवरणावर सही केली, कारण त्याच्यापुढे लेखणी धरलेली होती. आज लोक भिंग लावून बघतात आणि म्हणतात, हात किंचित थरथरलाय, म्हणजे अस्सल.

सोमवारी मास्तरांनी लाल शाई काढली. पाटीवर चौथी ओळ आली: ‘६४१च्या दुसऱ्या बाजूवर ओरखडा आहे. तो मी पाडला. पाच वर्षं लपवला. ओगिनो.’ मंगळवारी ते टोकियोला जाऊन कुनिमात्सुंना भेटले, सगळं सांगितलं. कुनिमात्सुंनी शांतपणे ऐकून घेतलं. जागा सोमवारीच भरली होती.

सेकिगुची यायचा बंद झाला. वर्षाअखेरीला मतदान झालं आणि मी पुन्हा पहिली आले, आधीपेक्षा जास्त मतांनी. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती: ‘ओरखडा मान्य. पण आपली प्रत मूळ वादनापेक्षा सरस आहे, हे माझं मत कायम.’ मास्तरांनी यादीतून माझा क्रमांक खोडला आणि दुसऱ्या आलेल्या रेकॉर्डीला पहिली केलं. त्या दिवशी मला कितीतरी वर्षांनी जरा बरं वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, मास्तर मला लावायचे. ओरखड्याच्या किंचित आधी सुई उचलायची, चार ठोके थांबायचं आणि पुढच्या फेऱ्यावर ठेवायची. फुमिए-सान आतून चमच्याने कपावर ठोके द्यायच्या.

“लवकर टेकवलीत.”

“हात थरथरतो गं.”

“शिंकताना नाही थरथरला. पुन्हा.”

एप्रिलमध्ये एका दुपारी दार उघडलं आणि सेकिगुची आत आला. बगलेत गवताची टोपी होती. तो कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि चिठ्ठी पुढे केली: ‘६४१, बाजू दोन.’

पहिली आळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या आळीचं अकरावं घर संपता संपता मास्तरांनी सुई उचलली. आतून चमचा वाजला. टक, टक, टक, टक. आणि त्या रिकाम्या घरात, बोलायला बंदी असलेल्या त्या दुकानात, तेराही खुर्च्यांना ऐकू जाईल असा सेकिगुचीने एक दीर्घ श्वास घेतला. मग सुई टेकली आणि चौथी आळी सुरू झाली.

कॉफी संपवून तो उठला. जाताना चिठ्ठी मास्तरांच्या हातात ठेवली. मागे लिहिलं होतं: ‘अर्धा ठोका कमी पडला. पुन्हा उद्या.’

हा उद्या मात्र दुसऱ्या दिवशीच आला. तो नंतरही येत राहिला. टोकियोची जागा त्याला पुन्हा कधी मिळाली नाही. नाचघर बंद पडेपर्यंत त्याने टोपी घातली. मास्तर गेले, दुकान मिटलं, पाटी कुणी नेली माहीत नाही. मी हिंडत हिंडत इथे आले. आणि माझी लाज माझ्याबरोबर आली. ती काही चिठ्ठीत मावली नाही, म्हणून तिथे लिहिलेली नाही.

मित्रांनो, रेकॉर्ड नेहमी कडेने धरावी, सुई हलक्या हाताने ठेवावी आणि शिंक येत असेल तर आधी लांब व्हावं. पण एवढं करूनही ओरखडा पडतोच कधीतरी. पडला तर त्याच दिवशी सांगून टाका, विशेषतः तो ऐकू येत नसेल तर. कारण तो ऐकून कुणीतरी काहीतरी शिकत असतं.

आणि तुमच्यापैकी कुणी कधी मला घरी नेलंच, तर एक करा. ती भिंगं राहू द्या. मला यंत्रावर चढवा. दुसरी बाजू, तिसरी आळी, अकरावं घर. ते संपलं की सुई उचला, चार मोजा, आणि श्वास घ्या.